बाकी किती उरली?

तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होतो. चौथीला भागाकार शिकवायला घेतला की दोन-चार पोरं हमखास एक लबाडी करायची. तेवीसला पाचनं भागलं तर भाग जातो चार, अन् बाकी उरते तीन. पण ही बाकी पोरांना नकोशी वाटे. काहीतरी चुकलं म्हणूनच ती उरली, असा त्यांचा समज. मग खालचा तीन थुंकीच्या बोटानं पुसायचा अन् पाटी पुढं करायची.

“गुरुजी, बराबर आलं.”

“अन् बाकी कुठं गेली बे?”

पोरगं दात काढून हसायचं. मी त्याला सांगायचो, बाकी पुसता येते, पण ती जात नाही. किराणा दुकानदाराच्या वहीत तुझ्या बापाच्या नावापुढं जी बाकी लिहिलेली असते, ती थुंकीनं पुसून पाय बरं. एवढं सांगितलं की सगळ्या वर्गाला कळायचं. त्या वहीतली बाकी प्रत्येकाच्या घरी ठाऊक होती.

पोरांना हे शिकवणारा मी स्वतः दोनदा बाकी पुसून बसलो. एकदा शाळेत, एकदा वावरात. ते दोन्ही हिशेब इथं लिहून ठेवतो.

पहिला हिशेब 1990 नंतरच्या वर्षांतला. माझी शाळा पांढरकवड्याहून आत, तेव्हाच्या आंध्रच्या सीमेकडं होती. चौथीत एक पोरगी होती. नाव लिहीत नाही, कारण आज ती बालबच्च्यांची बाई आहे. चार दिवस यायची अन् आठ दिवस दिसायची नाही. हजेरीपटात तिच्या नावापुढं निळ्यापेक्षा लाल शाई जास्त. माझं उत्तर तयार होतं. कापूस वेचणीचे दिवस, माय-बाप तिला वावरात नेत असतील, नाहीतर लहान भावाला सांभाळायला घरी ठेवत असतील. दहापैकी नऊ घरांत हेच कारण असायचं, म्हणून मी दहाव्या घरालाही तेच लावलं.

पण पोरगी जुलैतही गैरहजर असायची. जुलैत कसली आली वेचणी? पहिल्या पावसात सारी शाळा पटांगणात भिजायची, तेव्हा ही भिंतीला पाठ लावून, ओढणीत हात गुंडाळून बसलेली असायची. मी ते पाहत होतो. पाहिलं, पण मोजलं नाही.

गावात तिच्या दुखण्याची नावं पुष्कळ होती. तान्ही असताना हातापायांचे पंजे सुजले, ती नजर. मोठी झाल्यावर हाडं ठणकायला लागली, तो वात. डोळे पिवळे झाले तेव्हा कावीळ म्हणून झाडपाल्याचा रस पाजला. ताप आला की मलेरिया, गोळ्या ठरलेल्या. पोटात डाव्या अंगाला गोळा लागे, त्याला पाणथरी वाढली म्हणत. प्रत्येक दुखण्याचा वैद्य वेगळा, उतारा वेगळा अन् पैसाही वेगळा.

यातलं एकेक उत्तर घेतलं तर ते वेडेपणाचं नव्हतं. आमच्या भागात पावसाळ्यात ताप आला तर आधी मलेरियाच आठवावा, हे बरोबरच आहे. खुरांचा आवाज आला तर आधी घोडा समजा, झेब्रा समजू नका, असं अमेरिकेत डॉक्टरकीच्या पोरांना शिकवतात म्हणे. पण तीन वेळा घोडा म्हणून दार उघडलं अन् तिन्ही वेळा घोडा दिसला नाही, तर चौथ्यांदा बाहेर जाऊन खुरांचे ठसे पाहावे लागतात.

ते पाहिले प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका नव्या डॉक्टरनं. पोरगी शाळेतच कळवळून पडली अन् मी सायकलवर मागं बसवून तिला नेलं. संगं तिची माय पळत आली. डॉक्टरनं मायला सारं पहिल्यापासून विचारलं अन् एका कागदाच्या पाठीवर एकाखाली एक लिहिलं. मग तो कागद माझ्यापुढं सरकवला.

“गुरुजी, दहा वर्षांच्या लेकराला पाच-पाच आजार कशाला होतील? मला वाटतं, आजार एकच आहे.”

थेंबभर रक्त काचेवर घेतलं, मग नमुना नागपूरला गेला. आजार सिकलसेलचा निघाला. तांबड्या पेशी गोल असायला हव्यात, त्या विळ्यासारख्या वाकतात, असं डॉक्टरनं विळ्याचं चित्र काढून समजावलं. वाकलेल्या पेशी बारीक नसांत अडकतात. जिथं अडकतात तिथं ठणका उठतो, तान्ह्या लेकराचे पंजे सुजतात. त्या लवकर फुटतात म्हणून डोळे पिवळे अन् अंगात रक्त कमी. पाणथरीत जमतात म्हणून पोटात गोळा. ताप आला, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, फार श्रम झाले की ठणका वाढतो. जुलैतल्या पावसात पोरगी भिंतीला का बसायची, तेही त्यात आलं. कागदावर काही उरलं नाही.

पुढं मी या आजाराविषयी मिळेल ते वाचलं. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरनं अशा वाकलेल्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. 1949 साली लायनस पॉलिंग अन् त्याच्या सोबत्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढच्या काही वर्षांत कळलं की त्या रेणूच्या लांबलचक साखळीत एक कडी बदललेली आहे. एकच. पुस्तकभर लिहिताना एका जागी एक अक्षर चुकावं, अन् तेवढ्यानं एका लेकराची हाडं, डोळे, पोट, शाळा सगळं बिघडावं. मध्य भारतात हा दोष आहे हे 1958 सालीच छापून आलं होतं. विदर्भातल्या आदिवासी अन् दलित वस्त्यांत तो घरोघरी निघाला. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला जो झेब्रा, तो आमच्या जंगलपट्ट्यात घोडाच होता. आम्हाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, एवढंच.

थोडक्या कारणात जास्त गोष्टी उलगडत असतील तर ते कारण आधी धरावं, या नियमाला इंग्रजीत ऑकमचा वस्तरा म्हणतात. ऑकमचा विल्यम हा चौदाव्या शतकातला फ्रान्सिस्कन साधू. गरज नसताना गोष्टी वाढवू नयेत, असं त्याच्या सांगण्याचं सार. आपल्याकडच्या नैयायिकांनीही हे धरलं होतं. दोन कल्पनांनी सारखंच काम भागत असेल तर जिच्यात कमी मानावं लागतं ती घ्यावी, याला ते लाघव म्हणत. उगाच वाढवलेल्या कल्पनेला त्यांचा शब्द होता गौरव. आपण शाली-नारळ देऊन करतो तो गौरव त्यांच्या शास्त्रात दोष होता.

मला हे पटलं. पण लगेच एक शंका आली, अन् ती आणली त्याच पोरीच्या गल्लीनं. तिथल्या बायांचं म्हणणं होतं की हे सगळं करणीनं झालं. गावाच्या कडेला एक विधवा म्हातारी राहायची, तिनं केलं. आता पाहा, करणी हेही एकच कारण. पंजे सुजले, करणी. डोळे पिवळे, करणी. कागदावर काहीच उरत नाही. मग डॉक्टरचं एक कारण खरं अन् बायांचं एक कारण खोटं, हे कशावरून?

पुष्कळ दिवस याचा विचार केला. करणी हा शब्द एक आहे, पण त्याच्या पोटात माणसं किती! एक म्हातारी मानावी लागते, तिच्या मनातलं वैर, तिला कुठून तरी आलेली विद्या, लिंबू, बिब्बा, रात्र, अन् इतक्या लांबून पोरीच्या हाडापर्यंत पोचणारी एक वाट. यातलं कुणीच काही पाहिलेलं नाही. दुसरं असं की करणी कधी चुकूच शकत नाही. पोरगी बरी झाली तर उतारा लागू पडला, नाही झाली तर करणी जबर. डॉक्टरचं कारण चुकू शकत होतं. नागपूरहून कागद कोरा आला असता तर त्याला मान खाली घालावी लागली असती. तो धोका त्यानं पत्करला होता. अन् तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. करणीच्या हिशेबाची किंमत त्या म्हातारीनं मोजली. तिला विहिरीवर कुणी उभं राहू देईना. राज्यात जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला 2013 साली. ती म्हातारी त्याच्या पुष्कळ आधी गेली.

पोरगी मात्र जगली. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, भरपूर पाणी, थंडीत अंगभर कपडे, अन् ठणका उठला की भगताकडं नाही, दवाखान्यात. मी तिला शाळेच्या माठाशेजारी जागा दिली. लग्न ठरलं तेव्हा तिनंच होणाऱ्या नवऱ्याचं रक्त तपासून घेतलं. दोघांच्याही रक्तात दोष असला तर लेकरांच्या वाट्याला तो येतो, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा नीट कळलं होतं. मी ज्या पोरीला कामचुकार म्हणून लाल शाईनं लिहिलं होतं, तिनं नवरदेवाला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन उभा केला.

या गोष्टीनं मी स्वतःला शहाणा समजू लागलो. एक कारण शोधावं, सोपं शोधावं, हे सगळ्यांना सांगत सुटलो. दुसरा हिशेब चुकला तो याच शहाणपणात.

2017 सालचा सप्टेंबर. मी निवृत्त होऊन आर्णी तालुक्यातल्या आमच्या वावरात लक्ष घालत होतो. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीनं अन् रस पिणाऱ्या किडीनं सारा गाव हैराण. मी कृषी केंद्रातून औषधं आणली. आमच्याकडं विषाला औषधच म्हणतात, अन् औषध घेतलं म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यात लहान लेकरालाही सांगावं लागत नाही. दुकानदारानं दोन बाटल्या अन् एक पुडी दिली, वर टॉनिकची एक डबी. “सगळं एकाच पंपात टाका, एकाच फेरीत काम होते.” मला ते सोपं वाटलं. मजुरी वाचत होती.

फवारणीला आमचा सालदार होता. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, घरच्यासारखा. बॅटरीचा पंप पाठीवर घेऊन तो तीन दिवस त्या उंच पऱ्हाटीत शिरत होता. पूर्वी फवारा पायाकडं मारायचा, आता तो तोंडापुढं अन् डोक्यावर मारावा लागे अन् तोच अंगावर पडे. हवा दमट, वारा नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ओसरीवर येऊन बसला.

“गुरुजी, डोळ्यापुढं अंधारी येऊन रायली. मळमळते.”

“दिवसभर तापला ना तू. ऊन लागलं असन. निंबू-पानी पे अन् पडून राय.”

त्यानं पाणी पिलं अन् ओसरीवरच आडवा झाला. अंगात तोच शर्ट, पाठीवर पंपातलं गळून ओलाकच्च झालेला. वास येत होता. वासाकडं मी बाकी म्हणून पाहिलं नाही, फवारणीच्या दिवसात सगळ्याच घरांना तो वास असतो. सप्टेंबरच्या आभाळात ऊन कुठलं, हेही मनात आलं नाही. रात्री त्याची बायको आली तेव्हा तो असंबद्ध बोलत होता. शेजारचा म्हणाला, “पिऊन हाय, उतरन सकाळपर्यंत.” हेही सोपं होतं. मी त्यालाही मान डोलावली. तो माणूस दारू पीत नव्हता, हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं.

पहाटे त्याची बायको दार ठोकत आली. “गुरुजी, थे उठूनच नाही रायले! तोंडातून फेस येते!”

गाडीत घालून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रस्त्यात एका नातेवाइकानं कानाशी येऊन विचारलं, “घेतलं का त्यानं?” हे तिसरं सोपं उत्तर. आमच्या जिल्ह्यात विषाच्या वासाचा माणूस दवाखान्यात आला की आधी तेच मनात येतं, इतकी घरं आम्ही तशी उठलेली पाहिली आहेत. त्याची बायको ते ऐकून माझ्याकडं पाहत होती. तिला वाटत होतं मी तरी नाही म्हणेन. मी नाही म्हटलं, पण जरा उशिरा.

वॉर्डात पाहतो तर तसेच माणसं ओळीनं. कुणी आर्णीचे, कुणी घाटंजीचे. कुणी औषध घेतलेलं नव्हतं, सगळ्यांनी मारलेलं होतं. नर्सनं पहिल्यांदा काय केलं असेल तर त्याचे कपडे काढून साबणानं सारं अंग धुतलं. रात्रभर ते विष कातडीतून आत जात होतं, अन् मी त्याच्यावर चादर टाकली होती.

डॉक्टरनं विचारलं, “कोणतं औषध मारलं? बाटली आणली का?”

बाटली मी आणली नव्हती. नावंही पाठ नव्हती. म्हटलं, सगळं एकत्र करून मारलं. डॉक्टर क्षणभर काही बोलला नाही. मग त्यानं सांगितलं ते मी विसरणार नाही. ऑर्गेनोफॉस्फेट जातीच्या विषावर अ‍ॅट्रोपिन चालतं. घाम, लाळ, छातीतलं पाणी त्यानं आटतं. पण सगळी कीटकनाशकं त्या जातीची नसतात. काहींवर उताराच नाही, श्वास सांभाळायचा अन् वाट पाहायची. अंगात काय काय गेलं हे कळलं नाही तर अ‍ॅट्रोपिन किती द्यायचं अन् कुठं थांबायचं, हे अंदाजानं ठरवावं लागतं, अन् जास्त झालं तर त्यानंही माणूस भ्रमतो.

म्हणजे इथं आजार एक नव्हता. मी माझ्या हातानं एका पंपात तीन कारणं ओतली होती. जॉन हिकम नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरच्या नावावर एक बोल सांगतात. रोग्याला हवे तितके आजार होऊ शकतात, डॉक्टरच्या सोयीसाठी तो एकावर थांबत नाही, असा त्याचा आशय. त्या पोरीच्या पाच दुखण्यांचं मूळ एक निघालं. या माणसाच्या एका दुखण्याची मुळं तीन निघाली. वस्तरा दोन्हीकडं एकच होता. एका ठिकाणी खुंट काढायची होती, दुसरीकडं तो चालवला असता तर कातडं निघालं असतं.

लेकाला फोन करून बाटल्यांचे फोटो मागवले. सालदार अकरा दिवसांनी घरी आला. बाजूच्या खाटेवरचा माणूस आला नाही. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडोंना भरती व्हावं लागलं. सरकारनं चौकशीला खास पथक नेमलं, मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉनसारख्या काही औषधांची विक्री काही काळ बंद केली.

अन् सगळीकडं एक सोपं उत्तर निघालं. यांनी मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत. खोटं नव्हतं ते. सालदाराच्या तोंडाला फक्त दुपट्टा होता, अन् मास्क मी आणून दिला नव्हता. पण पाटीवर ते उत्तर लिहा अन् खाली पाहा. आमच्या गावात मास्क त्याआधीच्या वीस सालांतही कुणी घातला नव्हता. मग माणसं याच साली का पडली? पऱ्हाटीची उंची उरली. दाट लागवड उरली. बियाण्याला न जुमानणारी अळी उरली, तिच्यापायी वाढलेल्या फवारण्या उरल्या. बारीक तुषार उडवणारे नवे पंप उरले. एका पंपात तीन औषधं कालवायचा सल्ला उरला, अन् तो सल्ला सोपा वाटलेला मालक उरला.

सोपं उत्तर अन् सोयीचं उत्तर यांत फरक असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. सोप्या उत्तरात मानावं लागतं थोडं अन् उलगडतं पुष्कळ. सोयीच्या उत्तरात सांगणाऱ्याच्या अंगावर काही येत नाही. ऊन लागलं म्हटलं की मालकाला रात्री गाडी काढावी लागत नाही. पिऊन आला म्हटलं की चूक त्याची. दोन्ही उत्तरं सारखीच आखूड असतात, म्हणून ती ओळखू येत नाहीत. उत्तर निघाल्यावर मला हायसं वाटलं का, हे मी आता पाहतो. फार हायसं वाटलं असेल तर पुन्हा पाटी खालून वाचतो.

सालदार आता फवारणी करत नाही. सांजच्याला त्याला कमी दिसतं, भराभर चाललं की धाप लागते. आमच्याकडंच आहे, गुरं पाहतो. वावरात फवारा असला की रिकाम्या बाटल्या फेकायच्या नाहीत, ओसरीवरच्या कोनाड्यात मांडून ठेवायच्या, हा नियम त्यानं घातला आहे. एका वेळी एकच बाटली, तेही त्याचंच.

परवा मी त्याला विचारलं, त्या रात्री मी तुला निंबू-पानी देऊन झोपवलं, तुला राग नाही आला?

तो गुरांपुढं वैरण टाकत होता. मान वर न करता म्हणाला, “गुरुजी, तुमाले ठाऊक होतं ना मी पीत नाही म्हणून?”

“होतं.”

“मंग?”

एवढंच म्हणाला अन् दुसऱ्या दावणीकडं गेला. ती बाकी माझ्या नावावर आहे.